मुंडीखाऊ आणि शंभर स्वप्नं

लोकांची स्वप्नं गोळा करायला निघालेल्या माणसाला स्वतःला झोप लागत नाही, ही गोष्ट मला विद्यापीठात कोणी सांगितली नव्हती. सांगितली असती तरी मी ऐकली नसती. डॉक्टरेटच्या सातव्या वर्षी माणूस कोणाचंच ऐकत नाही, फक्त मान हलवतो. माझ्या मार्गदर्शक प्राध्यापक ओफोरिवाबाईंनी ऑक्टोबरात मला समोर बसवून, चहा वगैरे देऊन, अतिशय मायेनं सांगितलं, की मार्चअखेर शंभर स्वप्नं आणलीत तर उत्तम, नाहीतर तुमचं नाव पटावरून निघेल. मी मान हलवली.

विषय होता 'पेरणीआधी शेतकऱ्यांना पडणारी स्वप्नं आणि त्यांचे पेरणीचे निर्णय'. हा विषय निवडला तेव्हा मी तरुण होतो. माझी आई आमच्या बोल्गा गावच्या बाजारात टोपल्या विकते आणि सात वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, की पोरगा डॉक्टर होतोय. त्यामुळे सुटीत घरी गेलो की दारात गुडघेदुखीवाल्यांची रांग लागायची. मी म्हणायचो, मावशी, मी त्यातला डॉक्टर नाही. त्या म्हणायच्या, अजून झाला नाहीस ना, झालास की बघ, आम्ही थांबतो. आणि खरंच थांबल्या होत्या बिचाऱ्या. नाव पटावरून निघालं असतं तर आईला बाजारातली जागा बदलावी लागली असती. आणि खरं सांगायचं तर मलाही एक हाव होती. कोणीतरी, एकदा तरी, न हसता म्हणावं, 'या डॉक्टरसाहेब, बसा.' बस्स, एवढंच.

स्वतःच्या गावात संशोधन करायचं नाही, तटस्थपणा जातो, असा बाईंचा नियम. म्हणून मी नकाशावर बोट पश्चिमेकडे सरकवलं आणि ते बोंकुरीवर थांबलं. बोंकुरी म्हणजे डागाबा जमातीचा मुलूख. आणि मी फ्राफ्रा. आमच्या उत्तर घानातलं कोणीही इथेच कपाळावर हात मारील, कारण फ्राफ्रा आणि डागाबा यांचं नातं थट्टेचं आहे. दोघं भेटले की एकमेकांना शिव्या द्यायच्याच. कोण कोणाच्या घरचा गडी, आणि कुत्रं शिजवलं तर मुंडी कोणाची, हा वाद कोणाच्या आजोबांच्याही आधीपासून चालू आहे आणि तो मिटावा अशी कोणाचीही इच्छा नाही. राग मानायला मनाई. हे सगळं मला दूधपित्या वयापासून ठाऊक. पण माझी अशी समजूत, की हे सगळं माणसांना लागू. मी तर संशोधक! गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, काखेत फाईल, प्रत्येक कागदावर विद्यापीठाचा शिक्का. ही चूक आमच्याकडचाच माणूस करू शकतो. बाहेरच्यानं निदान आधी कोणाला विचारलं तरी असतं.

नोव्हेंबरात बोंकुरीच्या गावप्रमुखापुढे मी रिवाजाप्रमाणे कोलाच्या बिया आणि दारूची एक बाटली ठेवली आणि आपण फ्राफ्रा आहोत हे सांगायचंच नाही असं ठरवून म्हणालो, "मी विद्यापीठातून आलोय."

"नाव?"

"अकोल्गो अयिने."

प्रमुखाच्या शेजारी एक काटकुळा म्हातारा त्या उन्हात लोकरीची टोपी घालून बसला होता. हा पॉलिकार्प. चाळीस वर्षं चर्चमध्ये प्रार्थना शिकवून निवृत्त झालेला. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"नाव फ्राफ्रांचं, गालावर कोरलेली रेघ फ्राफ्रांची, आणि आल्यापासून बघतोय कुत्र्याकडे," तो म्हणाला. "प्रमुख, तुमचं कुत्रं आत बांधा."

सगळा दरबार लोळला. मी घसा साफ करून, मी इथे एक तटस्थ व्यक्ती म्हणून आलो आहे, असं सांगितलं.

"ही कुठली जमात?" पॉलिकार्पनं शेजारच्या झिएमला विचारलं.

"फ्राफ्राच," झिएम म्हणाला. "पण शिकलेला."

माझी राहायची सोय पॉलिकार्पच्याच घरी झाली. त्याची बायको डोमिटिला ज्वारीची पिटो, म्हणजे गावठी बिअर, गाळायची, आणि तिची पिटो प्यायला सगळं गाव तिच्या अंगणात यायचं. झिएम शेजारी. त्याची मालवाहू तीनचाकी होती, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर सल्ला. पहिलाच सल्ला त्यानं दिला, "स्वप्नं जिल्ह्याबाहेर न्यायची तर कचेरीची परवानगी लागेल. चल, सोडतो."

कचेरीतल्या कारकुनानं माझी फाईल दोनदा उलटी-सुलटी वाचली. मग कपाटात डोकं घालून बराच वेळ खुडबुड केली आणि एक पिवळा पडलेला फॉर्म काढला. त्यात जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या मालाचे तीनच प्रकार होते: खनिज, लाकूड आणि पशुधन.

"स्वप्नांत दगड येतात?"

"क्वचित."

"झाडं?"

"कधी कधी."

"जनावरं?"

"ती येतात."

"मग पशुधन. किती नग?"

"शंभर."

"लस टोचल्याचा दाखला?"

त्या दाखल्यासाठी मी तीन खेपा घातल्या. गुरांचा डॉक्टर दरवेळी माझ्याकडे फार सहानुभूतीनं बघायचा आणि पुढच्या मंगळवारी बोलवायचा. चौथ्या खेपेला त्यानं लिहून दिलं, की सदर शंभर स्वप्नं तपासली असून त्यांना तोंडखुरी-पायखुरी आढळलेली नाही. तो कागद मी प्लॅस्टिकमध्ये घालून जपून ठेवला. माझ्या तोपर्यंतच्या संशोधनातला तो सर्वांत स्पष्ट निष्कर्ष होता.

मग संमतिपत्रं. विद्यापीठाच्या नीतिसमितीचा हुकूम असा, की प्रत्येकानं चार पानं वाचून, समजून, सही करून मगच स्वप्न सांगायचं. त्यात लिहिलं होतं, 'आपलं स्वप्न गोपनीय ठेवलं जाईल.' मी हे अंगणात वाचून दाखवलं तेव्हा पिटोचे भोपळ्याचे कटोरे हातातल्या हातात थांबले.

"गोपनीय म्हणजे?" डोमिटिलानं विचारलं.

"कोणाला सांगणार नाही."

"मग नेतोस कशाला? सांगायचं नसेल तर माझ्याकडेच राहू दे की."

"आणि सही का?" झिएम म्हणाला. "उद्या मला स्वप्नात बैल मिळाला आणि सही माझी असली, तर सरकार विचारील, बैल कुठाय?"

शेवटी अंगठ्यावर तडजोड झाली. शाईची डबी हार्मटानच्या कोरड्या वाऱ्यात वाळून खडखडीत झालेली. डोमिटिलानं पिटोच्या हंड्याच्या बुडाला बोट लावून दाखवलं, काजळी हवी तेवढी आहे. माझ्या सगळ्या संमतिपत्रांना आजही धुराचा वास येतो.

आणि मग एकदम सगळं सोपं झालं. हार्मटानचे ते दिवसच असे असतात. सकाळी उठावं तर गाव नसतंच, नुसती पांढुरकी धूळ असते. त्यातून आधी कोंबड्यांचा आवाज येतो, मग घराची सपाट गच्ची दिसते, मग शियाची झाडं एक एक करून जमिनीवर उतरतात. दूर कोणीतरी ग्यील नावाच्या वाद्याच्या लाकडी पट्ट्यांवर हात साफ करत असतं. त्या धुळीतून गावातले लोक कांबळं पांघरून यायचे, माझ्यासमोर बसायचे आणि मऊ आवाजात स्वप्न सांगायचे. मी लिहायचो. माझ्या डोळ्यांवर झोप, त्यांच्या डोळ्यांवर झोप. कोण जागं आहे आणि कोण नाही याचा हिशेब लागायचा नाही. आयुष्यात इतका सुखी मी क्वचितच झालो असेन.

स्वप्न क्रमांक चार. स्त्री, वय साठ. 'विहिरीवर गेले, तर विहिरीत पाणी नाही, एक माणूस बसलेला. म्हटलं, काय करतोस? म्हणाला, कुत्र्याची मुंडी आत पडली, शोधतोय.'

स्वप्न क्रमांक अकरा. पुरुष, वय पंचेचाळीस. 'माझं शेत उडत होतं. बांधावर एक उंच माणूस बसला होता, गळ्यात पट्टा. माणसाचा पट्टा की कुत्र्याचा, ते कळलं नाही.' मी समासात लिहिलं, 'पट्टा: संदिग्ध.'

डिसेंबर संपता संपता साठ स्वप्नं झाली. मी ती सगळी फोनवरून बाईंना पाठवली. फोनला रेंज फक्त डोमिटिलाच्या गच्चीवर, भेंडी वाळत घातलेल्या कोपऱ्यात, तीही एका पायावर उभं राहिलं तर. आठवड्यानं बाईंचं उत्तर आलं. इतकं लांब आणि इतकं आनंदी पत्र त्यांनी मला सात वर्षांत लिहिलं नव्हतं. साठपैकी अठ्ठावन्न स्वप्नांत एकच आकृती आढळते, हे अभूतपूर्व आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. उंच पुरुष, गळ्यात पट्टा, गालावर रेघ, हातात कागद, आणि कुत्र्याच्या मस्तकाची अनावर ओढ. हा जिवंत आणि मृत यांच्या उंबरठ्यावरचा रक्षक असावा. 'मुंडीधारी पुरुष' या नावानं आपण तो जूनच्या परिषदेत जगापुढे मांडू.

मी एका पायावर उभा राहून हे वाचत होतो. वाचता वाचता माझा मोकळा हात आपोआप गालावर गेला. मग गळ्यापाशी गेला. मग मी शिडी म्हणून लावलेल्या ओंडक्याच्या खाचांवर पाय ठेवत खाली यायला लागलो, एक खाच चुकलो आणि वरून ओढून आणलेल्या भेंडीसकट अंगणात बसलो.

"पडला," डोमिटिला हंडा ढवळत म्हणाली. "बघा रे, खाली कुत्रं आहे का."

त्या दिवशी मी रागावलो. माझ्यासारखा सभ्य माणूस रागावतो तेव्हा तो फाईल घेऊन रागावतो. मी सगळ्या अंगणाला साठ कागद दाखवून विचारलं, की ही खरी स्वप्नं आहेत का? लोक एकमेकांकडे बघायला लागले. मी फारच बावळट प्रश्न विचारला असावा.

"खरी? फ्राफ्राला?" झिएम म्हणाला. "आमचे बाप कबरीतून उठून आम्हाला झोडतील."

"उरलेली दोन?"

"ती त्या परगावच्या पाहुण्याची. त्याला माहीत नव्हतं तू कोण ते. आम्ही नंतर त्याला समजावलं."

"आणि कचेरी? पशुधनाचा फॉर्म?"

"तो कारकून माझ्या मामाचा मुलगा. तो फॉर्म बंद होऊन बारा वर्षं झाली. तुझ्यासाठी त्यानं कपाटातून शोधून काढला, बिचाऱ्यानं दोन दिवस धूळ खाल्ली. गुरांचा डॉक्टर तर रजेवर होता. तुझ्यासाठी मंगळवारी यायचा."

मी उठलो आणि शियाच्या झाडाखाली जाऊन बसलो. नोकरी नाही, पदवी नाही, आणि तोंडखुरी-पायखुरी आढळली नसल्याचा दाखला मात्र आहे. थोड्या वेळानं पॉलिकार्प आला. आपली टोपी सावरत शेजारी बसला. आम्ही दोघं धुळीत नाहीशा होणाऱ्या रस्त्याकडे बघत होतो.

"अरे, दोन महिने आम्ही तुझ्याकडे चेंडू टाकतोय," तो म्हणाला. "आणि तू काय करतोस? उचलतोस, नंबर घालतोस आणि पिशवीत ठेवतोस."

"आजोबा, मी तटस्थ आहे."

"तू उद्धट आहेस." त्याचा आवाज प्रथमच साधा होता. "आमच्या घरात राहून आम्हाला एक शिवी नाही दिलीस. घरी आलेल्या पाहुण्यानं ताटाला हात लावू नये, तसं झालंय. डोमिटिला रोज विचारते, आमचं काय चुकलं?"

मला खरंच वाईट वाटलं. मी दोन महिने माझा मान सांभाळत होतो आणि त्यांचा पायदळी तुडवत होतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"माझ्याकडे एक खरं स्वप्न आहे," पॉलिकार्प म्हणाला. "पेरणीचंच. त्यावरून मी एका वर्षी पेरणी बदलली. कोणाला सांगितलं नाही. तू मला एक धड शिवी दे, ते स्वप्न तुझं."

मी गच्चीवर जाऊन आईला फोन केला. म्हटलं, आई, डागाबांना देण्यासारख्या शिव्या सांग.

"म्हणजे तू आत्तापर्यंत दिल्या नाहीस?" आई किंचाळली. "ते तुला जेवायला घालतात?"

"हो."

"शिव्या घालतात?"

"हो."

"आणि तू गप्प बसतोस! हे शिकवतात का रे विद्यापीठात?" आणि तिनं एका दमात चौदा शिव्या सांगितल्या. मी उतरवून घेतल्या. सवयीनं क्रमांकही घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॉलिकार्पपुढे उभा राहिलो. "आजोबा, आपण शेपूटखाऊ आहात, असं माझं नम्र मत आहे. राग मानू नका."

"मत काढून टाक. उद्या ये."

अशा माझ्या शिकवण्या जवळजवळ महिनाभर चालल्या. एकदा मी वहीत बघून शिवी दिली, ती बाद झाली. एकदा वहीत न बघता दिली, पण देताना उठून उभा राहिलो, तीही बाद. गाव रोज निकाल ऐकायला जमायचं. फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी जोरात म्हणालो, "अरे शेपूटखाऊ म्हाताऱ्या, तुझ्या बापानं आमच्या घरी शेणी थापल्या!" अंगणात टाळ्या पडल्या. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माफ करा."

पॉलिकार्पनं डोळे मिटले. "जवळ आलास," तो म्हणाला. "उद्या."

त्या दुपारी तो नेहमीप्रमाणे शियाच्या झाडाखाली खुर्चीत झोपला, टोपी डोळ्यांवर ओढून. डोमिटिला पिटो गाळत होती, मी तिच्या चुलीला लाकडं देत होतो. ऊन कलल्यावर ती त्याला उठवायला गेली आणि तिथेच उभी राहिली. मला वाटलं, आता ओरडेल, पण तिनं आधी त्याची टोपी सरळ केली. तो झोपेतच गेला होता. मी धावत गेलो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी ऐकत असल्यासारखा भाव होता.

दुसऱ्या दिवशी, तिथल्या रिवाजाप्रमाणे, त्याला लाकडी मचाणावर बसवलं, पट्ट्यापट्ट्यांचा जाड झगा घालून, मागे रंगीत कापडं लावून. ग्यील वाजू लागली. गाणारे त्याच्या आयुष्याची गोष्ट गाऊन सांगत होते, बायका हात वर करून धावत यायच्या आणि परत जायच्या. आजूबाजूच्या दहा गावांतून माणसं आली होती. मी एका बाजूला काळा सदरा घालून, मान खाली घालून, अतिशय सुसंस्कृतपणे उभा होतो.

डोमिटिला माझ्यासमोर आली. डोळे सुजलेले.

"इथे काय उभा आहेस?"

"आजी, मी दुःखात सहभागी आहे."

"दुःखाला माणसं भरपूर आहेत," ती म्हणाली. "दहा गावं रडताहेत. फ्राफ्रा एकच आहेस. माझा नवरा त्याची थट्टा न होता जमिनीत जाणार आहे का? तो काय कोणी अनाथ होता?"

आमच्याकडे थट्टेच्या नातेवाइकानं मयताला छळल्याशिवाय मयत पूर्ण होत नाही, हेही मला दूधपित्या वयापासून ठाऊक. मी गळ्यातला पट्टा काढला. तो अजून घालून होतो मी. फाईल झिएमच्या हातात दिली. आणि मचाणापाशी जाऊन पॉलिकार्पच्या डोक्यावरची लोकरीची टोपी काढून माझ्या डोक्यावर घातली.

ग्यील थांबली.

"थांबवा!" मी ओरडलो. "हा माणूस कुठेही जाणार नाही! हा चोर आहे! यानं मला एक स्वप्न कबूल केलंय!"

कुठूनतरी पहिलं हसू फुटलं.

"महिनाभर मला रोज उद्या ये म्हणाला! आज ये, उद्या ये! कचेरीतला कारकून बरा याच्यापेक्षा!" गर्दीतून तो कारकूनही मोठ्यानं हसला, मला ऐकू आलं. मी मचाणाखाली आडवा झालो, त्या धुळीत, काळ्या सदऱ्यासकट, आणि त्याचे दोन्ही पाय धरले. "ऊठ, शेपूटखाऊ! तुझ्या बापानं आमच्या घरी शेणी थापल्या, त्यासुद्धा वाकड्या! तुला आमच्या घरच्या कुत्र्यानंसुद्धा ठेवलं नसतं गडी म्हणून! स्वप्न दे आणि मग जा!"

लोक गडगडाट करून हसत होते. रडणाऱ्या बायका एकमेकींच्या अंगावर कोलमडत हसत होत्या. आणि मी ओरडता ओरडता रडत होतो. माफी मागायची राहून गेली, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. त्याचे पाय थंडगार होते आणि मला ते सोडवेनात.

"सोड त्याला, मुंडीखाऊ," डोमिटिला हसत, डोळे पुसत म्हणाली. "स्वप्न मी देते. पन्नास वर्षं त्याच्या शेजारी मीच झोपले ना?"

बायका जवळ सरकल्या.

"पाऊस लांबला होता त्या वर्षी," ती म्हणाली. "घरात बियाण्याची एकच टोपली उरली होती. हा पहाटे उठून बसला. म्हणाला, मी शेतात पेरत होतो आणि समोरून माझा मेलेला बाप पेरत येत होता. त्याचा हात हलत होता पण मुठीतून काही पडत नव्हतं. म्हटलं, बाबा, तुमची मूठ रिकामी आहे. तो म्हणाला, तुझी भरलेली आहे, मग माझी रिकामी कशी? आणि मला जाग आली." डोमिटिलानं झिएमकडे बघितलं. "सकाळी यानं अर्धी टोपली झिएमच्या बापाला नेऊन दिली. त्यांच्याकडे दाणा नव्हता. मी तीन महिने भांडले. त्या वर्षी आम्ही पाला खाल्ला, हेही लिही."

झिएम माझी फाईल छातीशी धरून उभा होता. त्याला हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. आयुष्यात प्रथमच त्याच्याकडे सल्ला नव्हता.

मी पाय सोडले आणि टोपी परत त्याच्या डोक्यावर घातली. ग्यील पुन्हा वाजू लागली, आणि पॉलिकार्पला त्याच्या टोपीसकट पुरलं.

त्यानंतर लोक पुन्हा सकाळचे यायला लागले. आधी मला शिवी द्यायचे, मी त्यांना द्यायचो, मग ते खाली बसून, आवाज उतरवून, स्वप्न सांगायचे. त्यांत कुत्रं नव्हतं. कोणाला भरलेली विहीर दिसायची, कोणाला राजधानीत, अक्राला गेलेली मुलगी, एकीला दरवर्षी एकच लाल दार. गच्चीवर एका पायावर उभं राहून मी बाईंना खरं काय ते सांगितलं.

"बाई, तो मुंडीधारी पुरुष मी आहे."

"आणि परिषद?" बाईंनी विचारलं.

"परिषदेला मी येऊ शकतो."

बाईंनी निःश्वास सोडला. "शंभर खरी स्वप्नं," त्या म्हणाल्या. "तारीख तीच."

मार्चच्या अखेरच्या सकाळी नव्याण्णव झाली होती. गावातल्या प्रत्येकानं दिलं होतं, कोणी उरलं नव्हतं. बाहेर झिएमची तीनचाकी भोंगा वाजवत होती. डोमिटिला हंड्यापाशी बसली होती.

"तुझं कुठाय?" तिनं विचारलं.

"मला चालत नाही आजी. संशोधकानं तटस्थ..."

"जो माझ्या नवऱ्याच्या मचाणाखाली लोळला, तो तटस्थ?"

मी तिच्यासमोर बसलो. स्वप्न होतं माझ्याकडे. त्याच पहाटे पडलेलं.

"पॉलिकार्पआजोबा शेतात पुढे चालत होते," मी म्हणालो. "टाचेनं खड्डे करत. मी मागून एकेका खड्ड्यात एक एक कागद टाकत होतो. ओळ संपली. ते वळले. मी वाट बघत होतो, आता शिवी देतील. त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, 'या डॉक्टरसाहेब, बसा. दमला असाल.'"

मी डोळे पुसले. "अगदी न हसता म्हणाले, आजी. मग मला कळलं, ते मेलेत."

डोमिटिला हंड्याकडे बघत राहिली. धुरानं किंवा कशानं तरी तिचे डोळे भरून आले. मग तिनं माझा अंगठा पकडला, हंड्याच्या बुडावर घासला आणि शंभराव्या कागदावर दाबला.

"मेला म्हणून सभ्य झाला," ती म्हणाली. "तू अजून जिवंत आहेस. व्यवसाय काय लिहिलास? मुंडीखाऊ लिही."

मी लिहिलं.

आता विद्यापीठात मुलं उठून उभी राहतात, शिपाई खुर्ची पुसून म्हणतो, 'या डॉक्टरसाहेब, बसा', आणि दरवेळी क्षणभर माझ्या छातीत धस्स होतं. मग मी बाहेर व्हरांड्यात जाऊन बोंकुरीला फोन लावतो. गच्चीवर भेंडीच्या कोपऱ्यात कोणीतरी तो उचलून खाली डोमिटिलाला हाक मारतं. ती ओंडक्यावरून सावकाश वर येते. तिचा श्वास ऐकू येतो.

"कोण," ती विचारते, "तो मुंडीखाऊ का?"

"हो गं, शेपूटखाऊ म्हातारे," मी म्हणतो, आणि माफी मागत नाही.